कागद नवा, खिटी जुनी

बेळगावहून निपाणीस जाणाऱ्या हमरस्त्याच्या डाव्या अंगास, चंदगडच्या डोंगरांकडे तोंड करून वसलेल्या एका खेड्यात आमचे एक जुने पक्षकार राहतात. गेल्या खंडेनवमीस त्यांच्या घरी आम्हांस जेवणाचे आमंत्रण होते. देवघरापुढे पाट मांडून त्यावर विळे, कोयते, नांगराचा फाळ, एक गंजलेली तलवार आणि एक ठासणीची बंदूक अशी शस्त्रे ओळीने मांडली होती. सर्वांस हळदकुंकू लावून झेंडूची फुले वाहिली होती. बंदुकीचे तोंड नेमके ज्या बाजूस आम्ही बसलो होतो त्या बाजूस होते. वकिलाची सवय वाईट. आम्ही पानावरून उठून विचारले, "ही भरलेली नाही ना?"

"भिऊ नगा वकीलसाहेब, मोकळीच हाय," असे म्हणून त्यांनी बंदूक उचलली आणि आमची खात्री पटावी म्हणून घोडा अर्धा ओढून सोडला. घोडा अर्ध्यावर थांबावयास हवा होता. तो थांबला नाही. चापास बोट लागलेले नसतानाच तो टक्कन खाली आला. बंदूक खरोखरच मोकळी होती म्हणून काही झाले नाही. घरातील मंडळी हसली. "ती तशीच हाय, आज्याच्या वक्तापासनं," असे यजमानांनी सांगितले, आणि परवान्याचे कागद आणून मोठ्या अभिमानाने आमच्यापुढे ठेवले.

ते कागद पाहण्यासारखे होते. आजोबांच्या नावचा परवाना मुंबई इलाख्यातला. १९५६ साली हा मुलूख म्हैसूर राज्यात गेला, तेव्हा वडिलांचा परवाना म्हैसूरच्या शिक्क्याचा झाला. १९७३ साली राज्याचे नाव कर्नाटक झाले, तसा शिक्काही पालटला. पुढे यजमानांच्या नावे वारसाहक्काने नवा कागद झाला. तीन पिढ्या, तीन राजवटींचे शिक्के, आणि प्रत्येक नूतनीकरणाची पावती जपून ठेवलेली. सीमाभागाचा इतिहास लिहावयाचा तर त्या एका पुडक्यावरून लिहिता येईल. मात्र या साऱ्या काळात घोड्यास धरून ठेवणारी आतली खिटी होती तीच राहिली होती.

त्या दिवसापासून आमच्या मनात एक विचार घोळत आहे. आमच्या इतिहासग्रंथांत शस्त्रांची वर्णने पुष्कळ आहेत. शस्त्रांच्या झिजेचा इतिहास मात्र कोणी लिहिलेला आमच्या पाहण्यात नाही. १८१८ साली जनरल मन्रो याने बेळगावच्या किल्ल्यास वेढा घातला. आत सोळाशे शिबंदी होती. ३१ मार्चच्या दिवशी इंग्रजांच्या मोर्च्यावरील दारूचा साठा उडाला, ती संधी साधून किल्ल्यातील लोक बाहेर तुटून पडले, त्यांस मागे हटवले गेले, आणि १० एप्रिल रोजी किल्लेदाराने किल्ला स्वाधीन केला. इंग्रजांच्या हाती ३६ मोठ्या तोफा आणि ६० लहान तोफा व जंबुरे लागले, अशी नोंद आहे. नोंद येथे संपते. त्या ३६ तोफांपैकी किती तोफा बार काढण्याजोग्या होत्या, हा प्रश्न नोंदणाऱ्यास पडला नाही. सावकाराच्या येण्याच्या यादीत बुडीत आणि वसूल होण्याजोगे कर्ज एकाच ओळीत लिहावे, तसा हा प्रकार आहे.

तोफ म्हातारी होते ती कानाने. तोफेच्या मागील अंगास वरून जे बारीक भोक पाडलेले असते त्यास आमच्या भाषेत कान किंवा काना म्हणत. त्यात रंजक भरावयाची आणि तिला बत्ती द्यावयाची. प्रत्येक बारास आतील जळता वायू या भोकातून जोराने वर येतो आणि त्याच्या कडा खात जातो. पंचरसी धातूच्या तोफेत ही झीज विशेष लवकर होते, कारण तो धातू उष्णतेने मऊ पडतो. कान रुंद झाला की अर्धे बळ तेथूनच निघून जाते आणि गोळा जवळच पडतो. येथवर हा केवळ निरुपयोगीपणा झाला. खरे भय पुढे आहे. बार झाल्यावर नळीत ठिणग्या राहतात. नवी दारू ठासताना आत वारा खेळून त्या पेटू नयेत म्हणून एक गोलंदाज कानावर अंगठा दाबून उभा असे, अंगठ्यास चामड्याची टोपी घालून. कान फाटलेला असेल तर अंगठा तो पुरता झाकू शकत नाही. मग ठासणारा गज नळीत असतानाच बार उडतो, आणि गजामागे उभा असलेला माणूस गजाबरोबरच जातो.

आमच्या पूर्वजांना हे ठाऊक नव्हते असे मात्र कोणी समजू नये. रामचंद्रपंत अमात्यांनी १७१६ साली कोल्हापूरच्या गादीसाठी सिद्ध केलेल्या आज्ञापत्रात दुर्गांचे प्रकरण आहे. ते पराक्रमाच्या वर्णनाने भरलेले असेल अशा समजुतीने जो वाचावयास घेईल त्याची निराशा होईल. पंत तेथे एखाद्या काटेकोर कारभाऱ्यासारखे सामानाची यादी सांगतात. तोफेस त्या काळी भांडे म्हणत. भांड्यांचे गाडे लोखंडाने मजबूत बांधलेले असावेत, गज, कुंचे, तरफा, जामग्या जवळ असाव्यात, आणि या यादीतच कान्यांच्या दुरुस्तीसाठी लागणारे सामते, म्हणजे भोके पाडण्याची हत्यारे, यांचाही उल्लेख येतो. दारूखाना वस्तीपासून दूर असावा, दारू व बाण दमट होऊ नयेत म्हणून आठा-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन ते बाहेर काढून उन्ह देऊन पुन्हा मोहोरबंद करावे, अशीही त्यांची आज्ञा आहे. ज्या अमात्याने पन्हाळा आणि विशाळगड यांच्या आधारे राज्य सांभाळले, त्यास सामता ही राजनीतीच्या ग्रंथात लिहिण्याजोगी वस्तू वाटली. आज आम्ही त्या ग्रंथातील राजधर्माची वाक्ये भाषणांत वापरतो आणि सामत्याची ओळ सोडून देतो.

ही हयगय आमच्यापुरतीच होती असेही नव्हे. १८०० साली धोंडजी वाघाच्या पाठलागावर कर्नल वेलस्ली कित्तूर आणि मलप्रभेच्या मुलखात फिरत होता. तोच पुढे स्पेनमध्ये सेनापती झाला आणि १८११ साली त्याने बदाहोसच्या किल्ल्यास वेढा घातला. त्याच्यापाशी वेढ्याच्या चांगल्या तोफा नव्हत्या. त्याने शेजारच्या एल्वास या पोर्तुगीज किल्ल्यातील पितळी तोफा मागवल्या. ज्या पोर्तुगीजांनी आमच्या गोमंतकावर साडेचारशे वर्षे राज्य केले त्यांच्याच या तोफा, आणि त्यांवर कोरलेली राजांची नावे व साल सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातील. वेढा सुरू झाला आणि शत्रूने न मारता तोफा स्वतःच्याच बारांनी एकामागून एक निकामी होऊ लागल्या. कुणाचा कान फाटला, कुणाची नळी तापून वाकली. वेढा उठवावा लागला. पुढील वर्षी बिडाच्या नव्या इंग्रजी तोफा आणल्यावर, ६ एप्रिल १८१२ च्या रात्री, तो किल्ला पडला. दीडशे वर्षांच्या तोफा किल्ल्याच्या तटावर शोभून दिसतात. त्या रणात आणल्या तेव्हा काय झाले, ते वेलस्लीने पाहिले.

बंदुकीची गोष्ट तोफेहून थोडी निराळी आहे. तोड्याची बंदूक, म्हणजे जळत्या दोरीने पेटणारी, मराठी पायदळात आणि अरबांच्या शिबंदीत एकोणिसाव्या शतकापर्यंत चालू राहिली. निपाणीच्या सिदोजीराव निंबाळकरांच्या मृत्यूनंतर १८४१ साली अरबांनी तेथील किल्ला बळकावला, तो काळही अशाच शस्त्रांचा. युरोपात गारगोटीच्या चापाची बंदूक शतकापूर्वीच रूढ झालेली असताना आमचे लोक तोडाच धरून बसले, म्हणून आमच्या मागासलेपणाचा दाखला देण्याची चाल आहे. आम्हांस हा न्याय एकतर्फी वाटतो. तोड्याच्या बंदुकीत झिजण्याजोगे भाग दोन-तीनच असत, आणि ते कोणत्याही गावचा लोहार भट्टीवर बसून घडवी. गारगोटीच्या चापात पोलादी कमान असे. तिला पाणी देण्याचे काम थोडे चुकले तर ती मोडे किंवा मऊ राहून दमे. ज्या पत्र्यावर गारगोटी आपटून ठिणगी पडावयाची, त्याचा कठीण पृष्ठभाग घासून गेला की ठिणगी पडेनाशी होई. दुरुस्तीस निष्णात कारागीर हवा, आणि तो डोंगरी ठाण्यात मिळत नसे. दुरुस्त होऊ शकणारे जुने शस्त्र आणि दुरुस्त न होणारे नवे शस्त्र यांत शिपायाने जुने निवडले तर त्यास अडाणी म्हणवत नाही.

१८०७ साली स्कॉटलंडातील फोर्साइथ नावाच्या एका पाद्र्याने आघाताने पेटणाऱ्या स्फोटकाचे पेटंट घेतले. त्यातून पुढे तांब्याच्या टोपीची बंदूक निघाली. आमच्या यजमानांची बंदूक याच जातीची. तिच्यात दोन दुखण्याच्या जागा असतात. एक, ज्या पोकळ खुंटीवर टोपी बसवतात तिचे छिद्र. तोफेच्या कानाप्रमाणे तेही बारागणिक रुंद होते, आणि मग बाराचा काही भाग उलटा येऊन घोड्यास मागे ढकलतो व टोपीचे तुकडे डोळ्याकडे उडतात. दुसरी, घोड्याच्या मुळाशी असलेल्या खाचा. घोडा ओढला की आतील खिटी प्रथम एका खोल खाचेत बसते. ही अर्धी अवस्था, आणि बंदूक खांद्यावर घेऊन चालताना माणसाचे सारे रक्षण हिच्यावर असते. पुढची खाच पूर्ण ओढल्यावरची, आणि तेथून चापाने बार होतो. खिटीचे टोक गोल झाले किंवा खाचेची कड उडाली की पहिली खाच नावापुरती राहते. डोळ्यांना मात्र काहीच दिसत नाही, कारण हे सर्व लाकडी दस्त्याच्या आत असते. त्यात जुन्या काळ्या दारूची राख हवेतील ओल ओढून घेते, आणि आमच्या घाटमाथ्याच्या पावसाळ्यात न पुसलेली बंदूक एका रात्रीत गंज धरते.

मग अशा बंदुका घरोघर का राहिल्या? येथे इतिहासाची वाट आमच्या धंद्याच्या वाटेस येऊन मिळते. १८५७ च्या उठावानंतर सरकारने शस्त्रे काढून घेण्याचा कायदा केला. नोव्हेंबर १८५७ मध्ये मुधोळ संस्थानातील हलगलीच्या बेरडांनी शस्त्रे देण्याचे नाकारले आणि त्यांचे गाव सैन्याने मोडले. नरगुंदच्या बाबासाहेब भाव्यांच्या असंतोषातही इतर कारणांबरोबर शस्त्रांचा प्रश्न होताच. २९ मे १८५८ च्या रात्री सुरेबानजवळ मॅन्सन हा अधिकारी मारला गेला, आणि १२ जून रोजी बाबासाहेबांस येथेच, बेळगावास, फाशी देण्यात आले. ही प्रकरणे स्वाभिमानाची म्हणून आम्ही सांगतो, आणि ती तशी आहेतही. पण या धोरणाचा, आणि १८७८ च्या शस्त्रकायद्याचा, एक परिणाम कोणाच्या डोळ्यांत भरला नाही. शस्त्रे थोडी झाली तसा शस्त्रे नीट ठेवणाऱ्या लोहार-शिकलगारांचा धंदा बसला. शिकलगार कात्र्या आणि सुऱ्यांना धार लावत फिरू लागले. बंदूक ठेवण्याचा परवाना काही शेतकऱ्यांना पिकांच्या रक्षणासाठी मिळत राहिला. ती दुरुस्त करणारा शेजारी मात्र उरला नाही.

१ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलात आलेल्या १९५९ च्या शस्त्र अधिनियमातही हाच विचार आहे. त्याच्या पाचव्या कलमान्वये बंदुका बनवणे, विकणे यांप्रमाणेच त्यांची दुरुस्ती करण्यासही परवाना लागतो. हे नियंत्रण हवेच, त्याविरुद्ध आमचे काही म्हणणे नाही. परंतु खेड्यातील माणूस त्याचा अर्थ असा लावतो की बंदुकीस हात लावणे हाच गुन्हा, तेव्हा ती आहे तशी असू द्यावी. याच अधिनियमाच्या पंचेचाळिसाव्या कलमात एक मौजेची सूट आहे. जे शस्त्र जुन्या घाटाचे किंवा पुराणवस्तूच्या मोलाचे किंवा मोडलेले आहे, आणि जे दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाही, त्यास अधिनियम लागू नाही. म्हणजे पूर्ण मेलेल्या बंदुकीस कायदा सोडतो आणि धडधाकट बंदुकीस परवाना देतो. आमच्या यजमानांच्या बंदुकीसारखी, जी मालकाने सांगितल्यावाचूनही उडते, ती यांत कोठे बसते हे शोधून पाहिले. ती साधी परवान्याची बंदूकच ठरते.

झिजलेल्या भागाचा विचार आमच्या दंडविधानाने मात्र प्रथमपासून केला आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या ऐंशीव्या कलमाखाली एक उदाहरण होते, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या अठराव्या कलमाखाली ते तसेच उतरले आहे. एक मनुष्य कुऱ्हाडीने काम करीत असता तिचे पाते उडून जवळ उभ्या असलेल्या माणसास लागते आणि तो मरतो. काम करणाऱ्याने योग्य ती खबरदारी घेण्यात कसूर केली नसेल तर तो गुन्हा नव्हे. विद्यार्थिदशेत हे उदाहरण आम्ही पाठ केले होते. दांडा सैल झाला होता की नाही, आणि झाला असल्यास तो सैल आहे हे त्यास माहीत होते की नाही, यावर सर्व अवलंबून आहे, हे आम्हांस एका खटल्याने शिकवले.

वकिलीच्या आरंभीची गोष्ट. एका शेतकऱ्याने रात्री रानडुकरांच्या राखणीहून येऊन भरलेली बंदूक भिंतीस टेकवून ठेवली. ती घसरून पडली, घोडा आपटला आणि बार उडाला. धाकटा भाऊ जवळ निजला होता. त्याचा उजवा हात कोपरापासून कापावा लागला. भाऊ जगला, म्हणून निष्काळजीपणाने जबर दुखापत केल्याचा आरोप होता. आम्ही बचावात कुऱ्हाडीचे उदाहरण मांडले. चापास कोणी शिवले नव्हते, हे साक्षीने सिद्ध होते. तज्ज्ञाने आतील खाच झिजल्याचे लिहून दिले होते. दोष खाचेचा, माणसाचा नव्हे, असे आमचे म्हणणे, आणि ते न्यायाधीशांस पटत आहे असे आम्हांस वाटत होते. साक्षीपुरावा संपल्यावर रीतीप्रमाणे त्यांनी आरोपीस काही प्रश्न विचारले. त्यांत एक होता : बंदुकीचा घोडा धरत नाही हे तुम्हांस पूर्वी ठाऊक होते काय?

आमचा पक्षकार खोटे बोलणारा नव्हता. "व्हय साहेब," तो म्हणाला, "वडील असल्यापासनं ठाऊक हाय."

त्या एका उत्तराने आमचा युक्तिवाद संपला. त्यास दंड झाला, तो त्याने भरला. दोघे भाऊ अजून एकाच घरात राहतात. त्या रात्रीविषयी ते बोलत नाहीत.

सैन्यात हा प्रश्न निराळ्या रीतीने सोडवलेला आहे, आणि त्यासाठी आम्हांस दूर जावे लागत नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे. या पलटणींच्या हाती अनेक वर्षे जी .३०३ ची ली-एन्फील्ड रायफल होती तिचा जन्मच झिजेतून झाला. तिच्या पूर्वीच्या ली-मेटफर्ड रायफलीच्या नळीतील आटे उथळ आणि गोलसर होते. काळ्या दारूस ते मानवत. कॉर्डाइट ही नवी, अतिशय तापणारी दारू आली तेव्हा ते आटे झपाट्याने खाल्ले जाऊ लागले. म्हणून १८९५ साली खोल, चौकोनी धारेचे पाच आटे असलेली एन्फील्डची नळी आली. या रायफलीत एक साधी पण फार शहाणपणाची सोय होती. वापराने बोल्ट आणि काडतुसाचे बूड यांमधील फट वाढत जाते. ती प्रमाणाबाहेर गेली की काडतुसाचे पितळ फाटून जळता वायू गोळी झाडणाऱ्याच्या तोंडावर येऊ शकतो. म्हणून बोल्टचे डोके निराळे काढता येई, आणि शून्यापासून तीनपर्यंत आकड्यांची, उत्तरोत्तर किंचित लांब अशी डोकी मिळत. मोजमापाचा गज घालून पाहावयाचे, फट वाढली असल्यास पुढचा आकडा बसवावयाचा. म्हणजे रायफल झिजणारच, हे गृहीत धरून ती बनवली होती. नळीची झीज मोजण्याचे गजही निराळे असत, आणि ठरल्या मापापुढे गेलेली नळी कितीही चकचकीत दिसली तरी बाद होई. पलटणीच्या आर्मोररला कोणी शौर्यपदक देत नाही. आज्ञापत्रातील सामता याच मनुष्याच्या हातातला, असे आम्हांस वाटते.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांचा बंदुकीशी संबंध खंडेनवमीपुरताच असेल. त्यांच्यासाठी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. आमच्या देवस्थानांतून पालखीच्या वेळी उखळीचे बार काढण्याची वहिवाट आहे. गोमंतकात त्यांना गर्नाल म्हणतात. उखळीलाही कान असतो, तोही तसाच रुंदावतो, आणि ओतीव लोखंडास कानापासून बारीक तडा जाऊ लागला तर शेंदूर आणि तेलाखाली तो दिसत नाही. कायद्याच्या कामानिमित्त दोन-तीन देवस्थानांच्या हिशेबवह्या आम्ही चाळल्या आहेत. त्यांत दारूचा खर्च आण्यापैशांसह मिळाला. उखळी कोणाकडून तपासून घेतल्याची एकही नोंद आम्हांस त्यांत आढळली नाही. एका ठिकाणी आम्ही हे विश्वस्तांच्या ध्यानी आणून दिले, तेव्हा एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, "देवाच्या उखळीला काय होतंय!" उखळीजवळ बत्ती घेऊन उभा राहणारा गडी त्या बैठकीस नव्हता.

आता आमच्या यजमानांकडे वळतो. त्या दिवशी जेवणे झाल्यावर आम्ही त्यांस बाजूस घेऊन त्या जुन्या खटल्याची हकीगत सांगितली. दोन भावांची नावे सांगितली नाहीत. ते बराच वेळ बोलले नाहीत; मग त्यांनी नातवास हाक मारून बंदूक पाटावरून काढून वरच्या फळीवर ठेवावयास लावली. पुढे महिन्याभराने ते परवान्याचे कागद आणि बंदूक घेऊन, दुरुस्तीचा परवाना असलेल्या एका दुकानदाराकडे गेले. त्याने दस्ता उघडून पाहिले. खिटीचे टोक गुळगुळीत झाले होते आणि पहिल्या खाचेची कड अर्धी उडालेली होती. तो म्हणाला, या जातीचे सुटे भाग आता मिळत नाहीत, हाताने घासून नवी खिटी बनवावी लागेल आणि घोडाही बदलावा लागेल. तोवर घोडा काढून ठेवतो.

या वर्षीच्या खंडेनवमीपर्यंत खिटी तयार झाली नव्हती. बिनघोड्याची बंदूक पाटावर मांडावी की नाही असा प्रश्न घरात निघाला. भटजींना विचारले, तेव्हा त्यांनी घोडा कोठे आहे म्हणून चौकशी केली. तो दुकानात आहे असे कळल्यावर, असेल तेवढ्या बंदुकीला हळदकुंकू लावा, असे त्यांनी सांगितले. तिचे तोंड यंदा भिंतीकडे होते.